आर.ओ.ची मेंब्रेन केव्हा बदलावी?

पिण्याच्या पाण्याचा आर.ओ. फिल्टर ही आता श्रीमंतांच्या घरची वस्तू राहिलेली नाही. आपल्या भागात तर तालुक्याच्या गावी, बाजाराच्या गावी, एवढेच काय पण शेतातल्या वस्तीवरही स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो दिसतो. याचे कारण उघड आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा आपल्या वाट्याला आला आहे. येथील बोअरचे पाणी डाळ शिजू देत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही आणि उन्हाळ्यात घशाखाली उतरत नाही. अशा गावी फिल्टर घेणे हा शहाणपणाचाच खर्च आहे.

तथापि पेशंटला मी जेव्हा विचारतो, "घरी पाणी कोणते पिता?" तेव्हा "आर.ओ.चे" हे उत्तर अभिमानाने मिळते. "त्याची मेंब्रेन केव्हा बदलली?" हा पुढचा प्रश्न विचारला की बहुतेक जण घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पाहतात. उत्तरे दोनच प्रकारची येतात. एक, "अजून चालू आहे की!" आणि दोन, "फिल्टरवाला म्हणेल तेव्हा बदलतो." पहिल्या घरात निकामी मेंब्रेनमधून आलेले पाणी शुद्ध समजून प्यायले जाते. दुसऱ्या घरात चांगली मेंब्रेन काढून फेकली जाते आणि दीड-दोन हजार रुपये विनाकारण जातात. मेंब्रेन केव्हा बदलावी हे तारखेवरून, चवीवरून किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये, मोजून ठरवावे. ताप आहे की नाही हे जसे आपण थर्मामीटर लावून पाहतो, तसेच हे आहे. मोजण्याची रीत सातवीतल्या मुलालाही जमेल इतकी सोपी आहे.

मेंब्रेन काय काम करते?

दोन पातळ्यांच्या पाण्यामध्ये, एकात क्षार जास्त आणि एकात कमी असताना, बारीक पडदा ठेवला तर कमी क्षाराचे पाणी जास्त क्षाराकडे आपोआप झिरपते. ही गोष्ट १७४८ साली नोले या फ्रेंच धर्मगुरूने डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून दाखविली होती. आपल्या आर.ओ.मध्ये याच्या उलट घडविले जाते. खाऱ्या पाण्यावर पंपाने दाब दिला की पाणी पडद्यातून पलीकडे जाते आणि क्षार अलीकडे अडतात. उपयोगी पडेल असा पडदा १९५९ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. आज घरगुती फिल्टरमध्ये असतो तो पॉलिअमाइड नावाच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर. तो कापडाच्या ठाणासारखा गुंडाळून पांढऱ्या नळकांडीत बसविलेला असतो. या नळकांडीलाच आपण मेंब्रेन म्हणतो.

मेंब्रेनच्या आधी दोन पहारेकरी असतात. पहिली कँडल माती, गाळ आणि गंज अडविते. दुसरे कार्बनचे नळकांडे नळाच्या पाण्यातील क्लोरीन शोषून घेते. या दोघांचे काम वाटते तितके किरकोळ नाही. कँडल तुंबली तर मेंब्रेनला पुरेसे पाणी मिळत नाही. कार्बन संपला तर क्लोरीन थेट पॉलिअमाइडवर जाते आणि तो थर हळूहळू जाळून टाकते. म्हणून कँडल आणि कार्बन सहा महिने ते वर्षाच्या आत बदलावे लागतात आणि पाणी गढूळ असेल तर त्याहूनही लवकर. मेंब्रेन मात्र पाण्याच्या प्रतीनुसार एक ते तीन वर्षे टिकते. म्हणजे एकाच घराण्याची फिल्टर यंत्रे घेतलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाची मेंब्रेन वर्षात जाईल आणि दुसऱ्याची तीन वर्षे चालेल. "वर्ष झाले, बदला" हा नियम म्हणूनच सर्वांना लागू पडत नाही.

जीभ का फसते?

पुष्कळ जण म्हणतात, "पाणी खारट लागले की कळेलच." असे होत नाही. मेंब्रेन एका रात्रीत बिघडत नाही, ती महिन्यांमागून महिने थोडी थोडी ढिली पडते आणि तेवढ्याच सावकाश आपली जीभ त्या चवीला सरावते. माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या एका आजींच्या घरी पाच वर्षांचा फिल्टर होता. त्यात कँडलशिवाय काहीच बदललेले नव्हते. "पाणी गोडच लागते" असे सारे घर सांगत होते. मुलाने मोजून आणले तेव्हा बोअरचे पाणी १४०० आणि फिल्टरचे ९०० भरले. आजींना आम्ही लोणचे, पापड बंद केले होते आणि दिवसभर त्या असे पाणी पीत होत्या.

दुसरा धोका चवीने मुळीच कळत नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट यांना आपल्या जिभेला जाणवेल अशी चव नसते. भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडील कित्येक गावांच्या बोअरला फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वाढत्या वयात प्यायल्याने मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. अनेक वर्षे प्यायल्यास हाडे व सांधे आखडतात. शेतातील रासायनिक खत आणि शौचखड्डे यांच्यामुळे नायट्रेट विहिरीत उतरते. वरचे दूध अशा पाण्यात मिसळून दिलेले तान्हे बाळ निळसर पडू शकते, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते.

येथे एक गैरसमज काढून टाकावयास हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांपैकी काहीही कमी होत नाही. उलट थोडे पाणी वाफ होऊन गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. ज्या गावच्या पाण्यात हे घटक आहेत तेथे मेंब्रेन हाच घरातला खरा आधार असतो. म्हणून ती चालू आहे की नाही हे माहीत असणे जरुरीचे आहे.

मोजायचे कसे?

त्यासाठी टी.डी.एस. मीटर लागतो. पेनाएवढे हे उपकरण काही शे रुपयांत मिळते आणि चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी चालते. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत, हे तो पाण्यातून वीज किती सहज जाते यावरून सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी मानकाने ही मर्यादा ५०० सांगितली आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे.

नुसते फिल्टरचे पाणी मोजून थांबू नये. फिल्टरमध्ये जाणारे आणि बाहेर येणारे, अशी दोन्ही पाणी एकाच वेळी मोजावी. जाणाऱ्या आकड्यातून येणारा आकडा वजा करावा, उत्तराला १०० ने गुणावे आणि जाणाऱ्या आकड्याने भागावे. मेंब्रेन शेकडा किती क्षार अडविते ते यावरून कळते.

उदाहरणार्थ, बोअरचे पाणी १२०० आणि फिल्टरचे ८४ आले. १२०० मधून ८४ गेले, उरले १११६. म्हणजे मेंब्रेन शेकडा ९३ क्षार अडविते. ही मेंब्रेन उत्तम आहे. तेच फिल्टरचे पाणी ३०० आले तर ती शेकडा ७५ च अडविते. हिला निरोप द्यावा.

दोन्ही आकडे का हवेत? समजा पावसाळ्यात तुमच्याकडे येणारे पाणी ६०० होते आणि फिल्टरचे ४२. उन्हाळ्यात विहीर आटली, टँकर सुरू झाला, आता येणारे पाणी १५०० आणि फिल्टरचे १०५. फक्त दुसरा आकडा पाहणारा म्हणेल, ४२ चे १०५ झाले, मेंब्रेन गेली. प्रत्यक्षात दोन्ही वेळा ती शेकडा ९३ च अडवीत आहे. पाणी बदलले आहे, मेंब्रेन तशीच आहे.

मी पेशंटना पुढील हिशेब सांगतो. शेकडा ९० च्या वर असेल तर निर्धास्त राहावे. ८० ते ९० मध्ये असेल तर दर महिन्याला मोजावे. ८० च्या खाली उतरली की बदलावी. गावच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असल्याचे तपासणीत आले असेल तर ८५ लाच बदलावी. नायट्रेट अडविण्यात मेंब्रेन मुळातच थोडी कमी पडते, त्यामुळे ती ढिली झाल्यावर वाट पाहण्यात अर्थ नाही.

मोजताना तीन पथ्ये

पहिले पथ्य असे की फिल्टर सुरू केल्याबरोबर आलेले पाणी मोजू नये. रात्रभर यंत्र बंद असताना अलीकडचे क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात. सकाळचे पहिले पाणी म्हणून नेहमीच जास्त आकडा दाखविते. दहा मिनिटे यंत्र चालू द्यावे आणि मग मोजावे.

दुसरे, शक्य तर टाकीत पडणाऱ्या नळीचे पाणी घ्यावे. टाकीत आधीचे पाणी मिसळलेले असते.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो, त्याला टी.डी.एस. कंट्रोलर म्हणतात. तो उघडा असेल तर चांगल्या मेंब्रेनचेही पाणी २००-३०० दाखवील. मोजण्यापूर्वी तो पूर्ण बंद करावयास सांगावे. क्षार परत घालणारे मिनरलचे नळकांडे असेल तर त्याच्या आधीचे पाणी घ्यावे. "तुमची मेंब्रेन गेली" असे कोणी म्हणाल्यास प्रथम हा स्क्रू कोठे आहे ते विचारावे. मूळ पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर हा स्क्रू कायमचाच बंद ठेवावा, कारण त्यातून येणारे पाणी मेंब्रेनमधून गेलेलेच नसते.

पाणी कमी येते, म्हणजे मेंब्रेन गेली का?

टाकी भरावयास वेळ लागू लागला की फिल्टरवाला मेंब्रेनवर बोट ठेवतो. ताप आला म्हणजे टायफॉइडच असे आपण म्हणत नाही, तसेच येथेही आधी इतर कारणे पाहावीत. बाजारातील नेहमीच्या मेंब्रेनवर ७५ गॅलन असे लिहिलेले असते. म्हणजे योग्य दाब आणि २५ अंश उष्णता असताना तिने दिवसाला सुमारे २८४ लिटर, अर्थात मिनिटाला साधारण एक पेला पाणी द्यावे. घरच्या परिस्थितीत थोडे कमी मिळते. नवी मेंब्रेन बसविल्यावर मिनिटाला किती पाणी येते ते मापाने मोजून यंत्रावरच लिहून ठेवावे. पुढे ते निम्म्यावर आले तर तपासणी करावी.

हिवाळ्यात मात्र घाई करू नये. पाणी एक अंशाने थंड झाले की मेंब्रेनमधून येणारे पाणी सुमारे शेकडा ३ ने घटते. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले बर्फासारखे पाणी आले की टाकी भरावयास वेळ लागणारच, आणि होळी झाली की ती तक्रार आपोआप जाते.

पाण्याचा वेग आणि क्षाराचा हिशेब एकत्र पाहिले तर निदान जवळजवळ पक्के होते.

पाणी कमी येते, पण क्षार नीट अडतात : बहुधा कँडल तुंबली आहे, कार्बन भरला आहे किंवा पंपाचा जोर कमी झाला आहे. आधी हे पाहावे. हे सर्व ठीक असूनही पाणी वाढत नसेल तर मेंब्रेनवर क्षारांचा थर बसला आहे असे समजावे.

पाणी पूर्वीसारखे किंवा जास्तच वेगाने येते, पण क्षार अडत नाहीत : क्लोरीनने मेंब्रेन जळली आहे, किंवा तिच्या टोकाची रबराची रिंग निसटली आहे. आकडा एकाएकी वाढला असेल तर आधी रिंग पाहावी, ती अगदी थोड्या पैशांत येते. क्लोरीनमुळे गेली असेल तर मेंब्रेनबरोबर कार्बनही बदलावा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

पाणी कमी येते आणि क्षारही अडत नाहीत : मेंब्रेनचे आयुष्य संपले आहे. बदलावी.

एका शिक्षकांनी एका वर्षात तीन मेंब्रेन बदलल्या होत्या. दर वेळी पंधरा दिवस पाणी धो धो येई आणि मग पुन्हा बारीक धार. शेवटी कोणीतरी कँडल उघडून पाहिली, ती चिखलाने काळी पडली होती. गावात पाइपलाइनचे काम चालू होते आणि नळाला गढूळ पाणी येत होते. तेथे मेंब्रेनचा काहीच अपराध नव्हता.

बाहेर जाणारे पाणीही पाहावे. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर जाते. ते धुणे, फरशी पुसणे, संडासात टाकणे यांसाठी वापरावे. फार खारट असेल तर झाडांना घालू नये. पाणी वाया जाते म्हणून काही जण ती नळी चिमटून ठेवतात. तसे कधीही करू नये. अडलेले क्षार त्याच वाटेने बाहेर पडतात, ती वाट बंद केली की ते मेंब्रेनवर साचतात आणि दोन वर्षांची मेंब्रेन दोन महिन्यांत जाते.

दोन पेल्यांची जादू

काही विक्रेते घरी येऊन दोन पेल्यांत पाणी घेतात, त्यांत तारा जोडलेले यंत्र सोडतात आणि बटण दाबताच साध्या पाण्याचा पेला तपकिरी, गढूळ होतो. बाया-माणसे घाबरतात आणि मेंब्रेन किंवा नवे यंत्र लगेच घेऊन टाकतात. ती घाण पाण्यात नव्हतीच. त्या यंत्रातल्या एका कांडीचे लोखंड वीज गेल्यावर विरघळते आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. ज्या पाण्यात क्षार आहेत त्यातून वीज जाते, म्हणून रंग येतो. आर.ओ.च्या पाण्यात क्षार फारसे नसतात, म्हणून रंग येत नाही. चांगल्या, पिण्यायोग्य पाण्यातही हाच रंग येईल. या प्रयोगावरून खरेदी करू नये.

मीटर काय सांगत नाही

टी.डी.एस. मीटरला जंतू दिसत नाहीत. नाल्याच्या पाण्याचा आकडा २०० असू शकतो आणि त्यात कॉलरा असू शकतो. नवी कोरी मेंब्रेन असलेल्या घरातही मी कावीळ आणि गॅस्ट्रोचे पेशंट पाहिले आहेत, कारण शुद्ध पाणी न घासलेल्या टाकीत साठले होते किंवा माठात हात बुडवून पेला भरला जात होता. म्हणून फिल्टरची टाकी दर दोन-तीन महिन्यांनी घासून धुवावी, माठाला तोटी किंवा लांब दांड्याचे ओगराळे असावे आणि यंत्रात यु.व्ही.चा दिवा असेल तर तो लागतो की नाही ते पाहावे. पंधरा-वीस दिवस परगावी जाऊन आल्यावर टाकीतले जुने पाणी ओतून द्यावे. नवी मेंब्रेन बसविल्यावरही पहिल्या एक-दोन टाक्या पिऊ नयेत.

तसेच आपल्या बोअरमध्ये फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का, हे मीटरवरून कळत नाही. त्यासाठी स्वच्छ बाटलीत पाणी भरून जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बाटली कशी भरावी हे तेथेच आधी विचारावे. हे एकदा केले की मेंब्रेनच्या बाबतीत किती काटेकोर राहायचे ते ठरते.

आणि धरणाचे गोडे पाणी ज्यांच्या नळाला येते, आकडा ५०० च्या आत आहे आणि प्रयोगशाळेने फ्लोराइड, नायट्रेटचा दोष काढलेला नाही, त्यांना मेंब्रेनची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये अशा ठिकाणी आर.ओ.वर बंदी घालण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियमचा अंश काढून टाकून आणि तीनपट पाणी बाहेर सोडून काही साधत नाही. अशा घरी गाळून उकळलेले पाणी किंवा साधा यु.व्ही. फिल्टर पुरेसा आहे.

लक्षात ठेवण्यासाठी

१. महिन्यातून एक दिवस ठरवून दोन्ही पाणी मोजावी आणि आकडे तारखेसह यंत्राच्या बाजूला चिकटविलेल्या कागदावर लिहावे. विजेचे बिल येते तो दिवस सोयीचा.

२. शेकडा ८० च्या खाली मेंब्रेन बदलावी. फ्लोराइड वा नायट्रेट असल्यास ८५ च्या खाली.

३. पाणी कमी आले तर आधी कँडल, मग कार्बन, मग पंप आणि सर्वांत शेवटी मेंब्रेन पाहावी.

४. मेंब्रेन बदलताना स्वतः उभे राहावे, जुनी मागून घ्यावी, आणि दहा मिनिटांनी नवीचे पाणी समोर मोजून मगच पैसे द्यावेत. नवी मेंब्रेन शेकडा ९० पेक्षा कमी अडवीत असेल तर ती परत करावी.

५. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब आहे, त्यांनी तपासणीला येताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर हा कागदही आणावा. घरातला माणूस रोज दोन-तीन लिटर काय पितो हे डॉक्टरला कळलेले बरे.